सुपरचार्जर: ताकद वाढवायची आणि आवाजही घटवायचा, हे एकदम जमतं का?

कंपनवाला

सुपरचार्जर (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप, यालाच ब्लोअर किंवा कॉम्प्रेसर म्हणतात) म्हटलं की बहुतेकांच्या कानात आधी ती किंकाळी घुमते, ताकदीचा विचार नंतर. मर्सिडीजने १९२१ साली बर्लिनच्या मोटार प्रदर्शनात कॉम्प्रेसर लावलेल्या गाड्या मांडल्या. त्यांत पेडल पार तळाला दाबलं की क्लच लागून ब्लोअर फिरायला लागायचा, आणि गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. शंभर वर्षं उलटली तरी ही ओळख पुसलेली नाही.

मी गाड्यांचा आवाज आणि कंपनं मोजण्याच्या क्षेत्रात आहे. तिथेही एक समज पक्का रुतलेला आहे: ताकद हवी असेल तर आवाज सोसा, आवाज नको असेल तर ताकदीवर पाणी सोडा. बेल्टवर फिरणाऱ्या ब्लोअरबद्दल मला हे पटत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टर्बो एक्झॉस्टच्या झोतावर फिरतो, सुपरचार्जर क्रँकवरच्या (इंजिनच्या मुख्य दांड्यावरच्या) बेल्टने. त्यामुळे पेडल दाबताक्षणी हवा मिळते, टर्बोसारखी वाट पाहावी लागत नाही. सर्वांत जुना आणि आजही सर्वांत जास्त दिसणारा प्रकार म्हणजे रूट्स. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावच्या रूट्स बंधूंनी १८६० साली पेटंट घेतलं, ते भट्ट्यांना हवा पुरवायच्या पंख्यासाठी. मोटार तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती.

आता मुद्द्याची गोष्ट. रूट्स ब्लोअर स्वतःच्या पोटात हवा दाबतच नाही. दोन रोटर एकमेकांत गुंतून फिरतात, प्रत्येक लोब (रोटरची पाकळी) केसिंगच्या कडेने एक खिसाभर हवा इकडून तिकडे नेतो, बस्स. दाब तयार होतो पलीकडे, मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत). खिसा त्या बाजूला उघडला की आत साध्या दाबाची हवा आणि बाहेर दाबलेली, मग बाहेरची हवा धाडकन उलटी खिशात घुसते. असा धक्का तीन लोबच्या ब्लोअरमध्ये दर फेऱ्याला सहा वेळा बसतो. ब्लोअर १२,००० आरपीएमला असेल तर सेकंदाला १२०० धक्के. ती शिट्टी म्हणतात ती हीच.

या उलट्या झोताने आवाज होतोच, शिवाय हवा गरजेपेक्षा जास्त तापते आणि रोटरवर उलटा भार येतो. एकाच घटनेची ही सगळी पिल्लं आहेत. म्हणून माझं म्हणणं असं, की फोम, झाकणं आणि सायलेन्सर यांना हात लावायच्या आधी रोटर आणि पोर्टचा (हवा आत-बाहेर जायच्या तोंडाचा) आकार सुधारा. तिथे आवाज कमी झाला तर ताकद आपोआप वाढलेली दिसेल.

मतं येऊ द्या.

टिळक_रोड

आमच्याकडे सिग्नल हिरवा व्हायच्या आत मागचे पाच जण हॉर्न वाजवतात. ब्लोअर शांत आहे की किंचाळतोय ते कळणार कुणाला?

असो. वाचतोय.

घाटमाथा

कंपनवाला, मला मूळ प्रश्नच कळला नाही. आवाज काढून टाकला तर विकत काय घ्यायचं? २०१४ मध्ये डॉजने हेलकॅट आणली, ६.२ लिटर, ७०७ हॉर्सपॉवर, वर २.४ लिटरचा ट्विन स्क्रू (दोन मळसूत्री रोटरचा ब्लोअर). ब्लोअर फिरवायलाच क्रँकवरून ८० हॉर्सपॉवर जातात असं कंपनीच अभिमानाने सांगत होती. तेवढ्यात माझ्यासारख्याच्या दोन हॅचबॅक चालतील. आणि लोक ती गाडी घ्यायचे ती शिट्टीसाठीच. ती गप्प केली तर मग मोठी टर्बो लावलेलं काहीही चालेल की.

कंपनवाला

घाटमाथा, हेलकॅटवाल्याला शिट्टी हवीच आहे, त्याच्या आनंदावर मला विरजण घालायचं नाही. पण ऑडीच्या ३.० टीएफएसआय व्ही-६ चा मालक बघा. २००८ पासूनच्या त्या इंजिनात टर्बो नव्हताच, दोन्ही बँकांच्या मधल्या व्ही मध्ये सुपरचार्जर बसवला होता, इंटरकूलरसह (दाबून तापलेली हवा गार करणारा भाग). नावातला टी बघून कित्येक मालक वर्षानुवर्षं "माझी टर्बो आहे" म्हणत फिरले. २९० पीएस (जवळपास हॉर्सपॉवरच), ४२० न्यूटन-मीटर, आणि मालकाला पत्ता नाही की बॉनेटखाली ब्लोअर आहे! मला हे इंजिन हेलकॅटपेक्षा अवघड काम वाटतं.

अर्धवटराव

थांबा जरा. "आवाज कमी झाला की ताकद वाढते" हे ऐकायला गोड आहे, पण ध्वनीची ऊर्जा किती असते? कान फाटेल असा ब्लोअरसुद्धा आवाजाच्या रूपात फार तर काही वॅट बाहेर टाकत असेल. इंजिन शंभर किलोवॅटचं. ते काही वॅट वाचवून काय दिवे लागणार? कार्यकारणभाव असा ढिला सोडू नका.

कंपनवाला

अर्धवटराव, मी तसं म्हटलेलं नाही, वर पुन्हा वाचा. आवाजातून ताकद गळते असा दावा नाही. ज्या उलट्या झोताने आवाज होतो त्यानेच हवा तापते, आणि नुकसान तापण्यात आहे. आवाज हा फक्त चुगलखोर.

आकडेच हवेत तर घ्या. पुण्यातला मे महिना, बाहेर ४० अंश. वातावरणाच्या १.६ पट दाब हवाय. आदर्श कॉम्प्रेसरमध्ये हवा साधारण ४५ अंशांनी तापेल. कार्यक्षमता ६० टक्के असेल तर ७५ अंशांनी, म्हणजे इंटरकूलरच्या तोंडाशी ११५ अंश. कार्यक्षमता ७५ टक्के असेल तर ६० अंशांनी, म्हणजे १०० अंश. १६०० सीसीचं इंजिन ६००० आरपीएमला अशी हवा सेकंदाला साधारण १३० ग्रॅम खातं. त्या हिशेबाने ब्लोअर फिरवायला पहिल्या बाबतीत सुमारे १० किलोवॅट लागतात, दुसऱ्यात ८. बेअरिंग आणि गिअरचं घर्षण वेगळं.

दोन किलोवॅट थोडे वाटतील. पण खरा फायदा पुढे आहे. हवा १५ अंशांनी थंड म्हणजे नॉकिंगपासून (इंधन अवेळी पेटण्यापासून) तेवढं अंतर जास्त, म्हणजे ईसीयूला (इंजिनच्या संगणकाला) स्पार्क मागे ओढावा लागत नाही. आपल्याकडच्या उन्हात आणि आपल्याकडच्या पेट्रोलवर हे अंतर सोन्याच्या मोलाचं.

आणि ६० वरून ७५ ही कल्पनेतली उडी नाही. ईटन कंपनीचे जुने ब्लोअर तीन लोबचे, रोटरला पीळ ६० अंशांचा. नंतरच्या टीव्हीएस मालिकेत चार लोब आणि पीळ १६० अंशांचा. पीळ वाढला की खिसा एकदम उघडत नाही, एका टोकापासून हळूहळू उघडत जातो. उलटा झोत पसरतो, धक्का बोथट होतो. कार्यक्षमता ७० टक्क्यांच्या वर गेली आणि शिट्टीही बसली. २००९ च्या कॉर्व्हेट झेडआर१ वर हाच प्रकार होता, ६३८ हॉर्सपॉवर. वर म्हटलेल्या ऑडीतही हाच. एकाच दुरुस्तीतून एकीकडे रेसट्रॅकची गाडी आणि दुसरीकडे साहेबाची गाडी.

अर्धवटराव

हां, आता ठीक. पण मग चार लोबमुळे वारंवारता वाढली त्याचं काय? त्याच वेगाला १२०० च्या जागी १६०० हर्ट्झ. माणसाचा कान २००० ते ४००० च्या दरम्यान सर्वांत तिखट असतो. तुम्ही आवाज कानाच्या जास्त जवळ नेऊन ठेवलात.

कंपनवाला

बरोबर पकडलंत. म्हणून नुसते लोब वाढवून भागत नाही, पीळ सोबत वाढवावा लागतो. पण वरच्या वारंवारतेची एक सोय आहे: तिला अडवायला जागा कमी लागते. १२०० हर्ट्झ मारायला इनटेकच्या नळीला बाजूला एक बंद तोंडाची आखूड नळी जोडली, तर तिची लांबी लागते जेमतेम ७४ मिमी. लहर आत जाते, टोकाला आपटून परत येते आणि मूळ लहरीवर उलटी बसते. १६०० ला त्याहून आखूड. अडचण एवढीच की अशी नळी एकाच वेगाला काम करते आणि ब्लोअरचा वेग सतत बदलतो. म्हणून एकाशेजारी एक वेगवेगळ्या मापाचे कप्पे ठेवून रुंद पट्टा झाकतात. प्लास्टिकच्या इनटेक पाइपवर विनाकारण फुगवटे दिसतात ना? विनाकारण नसतात.

स्टुटगार्टवासी

इतिहासात थोडी भर. १९२९ ची ब्लोअर बेंटली आठवा. साडेचार लिटरच्या साध्या बेंटलीची ताकद ११० हॉर्सपॉवर, ब्लोअर लावलेल्या रस्त्यावरच्या गाडीची १७५. बेंटलीचा रेसर टिम बर्किन याचा हट्ट आणि इंजिनिअर ॲमहर्स्ट व्हिलियर्सचा ब्लोअर, तोही क्रँकच्या नाकावर, रेडिएटरच्या पुढे लटकवलेला. खुद्द डब्ल्यू. ओ. बेंटली यांना हा प्रकार अजिबात मान्य नव्हता. १९३० च्या ल मान्सला बर्किनने जर्मन रेसर काराचिओलाच्या सुपरचार्ज्ड मर्सिडीजचा पिच्छा पुरवला. मर्सिडीज बाद, ब्लोअर बेंटल्याही बाद. जिंकली कोण, तर बेंटलीचीच बिनब्लोअरची मोठी स्पीड सिक्स. घाटमाथांनी नोंद घ्यावी :)

त्या काळात कार्यक्षमता, इंटरकूलिंग हे शब्द मोटारवाल्यांच्या तोंडी फारसे नव्हतेच. आवाज हा ताकदीचा पुरावा मानला जायचा.

आणि पुण्याचा संबंध म्हणाल तर मर्सिडीजच्या सी २०० कॉम्प्रेसर गाड्यांची जुळणी तिथेच व्हायची. १.८ लिटर, चार सिलिंडर, सुपरचार्जर. डॉक्टर आणि बिल्डर मंडळींनी भरपूर घेतल्या. त्यांपैकी कुणी शिट्टीची तक्रार केल्याचं ऐकलं नाही.

टिळक_रोड

बिल्डरला ऐकू कसं येणार, तो फोनवर असतो.

मनीषा_द

भोसरीत गिअर बनवतो आम्ही, त्यामुळे राहवलं नाही. तुम्ही सगळे हवेबद्दल बोलताय, गिअरकडे कुणी बघतच नाही!

दोन्ही रोटर एकमेकांना टेकत नाहीत, मधली फट मिलीमीटरच्या काही शतांश भागांची असते. त्यांना जुळवून ठेवतो तो टायमिंग गिअरचा जोड. त्याचा आवाज वेगळा. ३० दात धरले आणि १२,००० आरपीएम, तर ६००० हर्ट्झ. बारीक, किनरा. लोक म्हणतील तिरपे दात घ्या, शांत चालतील. गिअरबॉक्समध्ये चालतात, इथे त्यात मेख आहे. तिरप्या दातांवर आडवा रेटा येतो, आणि धुरी तापून किंवा रेटून थोडी जरी पुढे-मागे सरकली तरी दात तिरके असल्याने एक रोटर दुसऱ्याच्या तुलनेत किंचित फिरतो. फट आधीच शतांशात, तिथे रोटर रोटरला घासायला वेळ लागत नाही. म्हणून पुष्कळ ब्लोअरमध्ये सरळ दातच ठेवतात, आणि मग सगळी शांतता ग्राइंडिंगवर अवलंबून. दाताच्या आकारातली चूक काही मायक्रॉनांत आणा, नाहीतर गाडी गाणार.

आणि आयडलला? सिग्नलला उभी असताना कडकड ऐकू येते ती याच गिअरची. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकला हिसका बसतो, तो बेल्टमार्गे ब्लोअरमध्ये येतो, भार नसल्याने दात बॅकलॅशमध्ये (दातांमधल्या मोकळ्या फटीत) इकडून तिकडे आपटतात. तीन सिलिंडरच्या इंजिनात तर जास्तच. त्यावर इलाज म्हणजे पुलीच्या धुरीत आणि रोटरमध्ये स्प्रिंगचा किंवा रबराचा कप्लर. तो झिजला की कडकड परत. गॅरेजवाला मग पूर्ण ब्लोअर बदला म्हणतो. बदलू नका, आधी कप्लर बघा.

कंपनवाला

मनीषाताई, फार नेमकं लिहिलंत. यातून एक गोष्ट पुढे येते. साध्या वेगाने जाताना बायपास व्हॉल्व्ह (ब्लोअरला वळसा देणारी वाट) उघडा असतो, ब्लोअरच्या दोन्ही बाजूंचा दाब जवळपास सारखा, त्यामुळे उलटा झोत नगण्य. तेव्हा ऐकू येतो तो तुमचा गिअर. पेडल दाबलं, बायपास बंद झाला की हवेचा आवाज वर चढतो. म्हणजे एकाच यंत्राचे दोन आवाज, दोन वेगळ्या खात्यांचे. आमच्याकडच्या मीटिंगमध्ये यावरूनच भांडणं होतात.

तिसरा मार्ग म्हणजे गरज नसेल तेव्हा फिरवूच नका. फोक्सवॅगनने २००५ साली १.४ टीएसआय आणलं त्यात सुपरचार्जर आणि टर्बो दोन्ही होते. खालच्या आरपीएमला ब्लोअर, ३५०० च्या वर फक्त टर्बो, मध्ये चुंबकी क्लच. १४०० सीसीतून १७० पीएस आणि १७५० आरपीएमपासून २४० न्यूटन-मीटर. ब्लोअर बसला होता केबिनच्या बाजूला, क्रँकच्या पाचपट वेगाने फिरणारा. तिथे फोम भरलेलं कवच आणि दोन्ही तोंडांना सायलेन्सर लावल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. म्हणजे झाकणं वाईट असं मी म्हणत नाही. त्यांची पाळी शेवटी यावी, एवढंच. (आपल्याकडच्या जेट्टात आलेलं १.४ टीएसआय नुसतं टर्बोचं होतं, त्यात ब्लोअर शोधत बसू नका.)

घाटमाथा

ट्विन स्क्रूचं काय मग? तो तर हवा आतच दाबतो. उलटा झोत नाही, तर तो शांत हवा. पण माझ्या कानाला सर्वांत जास्त तोच ओरडतो.

कंपनवाला

चांगला प्रश्न. स्क्रूची मूळ कल्पना १८७८ साली जर्मनीत हाइनरिश क्रिगरने पेटंट केली, पण वापरण्याजोगा केला तो स्वीडनच्या आल्फ लिशोल्मने १९३० च्या दशकात. त्यात हवा पुढे सरकता सरकता दाबली जाते. पण आतला दाब किती वाढणार हे भूमितीने कायमचं ठरलेलं. मॅनिफोल्डचा दाब त्याच्याशी जुळला तर उत्तम. जुळला नाही तर पोर्ट उघडताना पुन्हा धक्का, या बाजूने नाहीतर त्या बाजूने. आणि रस्त्यावर पेडल सतत बदलत असताना तो जुळतो किती वेळ? शिवाय बायपास उघडा असला तरी स्क्रू आतल्या आत हवा दाबतच राहतो, इंधन जाळत. मर्सिडीजच्या ई-५५ एएमजीत असा लिशोल्म होता, ४७६ पीएस, ७०० न्यूटन-मीटर, त्याला म्हणूनच क्लच दिला होता.

उच्च दाबाला स्क्रू सरस. मध्यम दाब आणि शांतता दोन्ही हवं तर पिळाचा रूट्स. माझं मत.

डेट्रॉईटकर

इथे मिशिगनमध्ये जुन्या डेट्रॉईट डिझेलची भक्तमंडळी अजून आहेत. १९३८ पासूनचं ७१ मालिकेचं टू-स्ट्रोक, रूट्स ब्लोअरशिवाय चालूच शकत नाही, कारण सिलिंडरमधला धूर बाहेर ढकलायला दुसरं काही नाही. ६-७१ म्हणजे सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घनइंच. भंगारातल्या त्या इंजिनांचे ब्लोअर काढून पोरांनी व्ही-८ वर चढवले आणि हॉट रॉडचा (दांडगी इंजिनं घालून पळवलेल्या जुन्या गाड्यांचा) सगळा संप्रदाय उभा राहिला. ट्रकचा सुटा भाग, शर्यतीचा देव.

मला कंपनवाला यांच्या मांडणीत एक भर घालायची आहे. आवाज कमी करणाऱ्याचा सर्वांत मोठा शत्रू शांतताच असते. इंजिनचा ढणढणाट, टायरचा आवाज, एक्झॉस्ट, या सगळ्यांच्या आड शिट्टी लपलेली असते. कंपनी एक्झॉस्ट सुधारते, काचा जाड करते, आणि एकाएकी ग्राहक म्हणतो "हे नवीन काय वाजतंय?" नवीन काही नसतं, पडदा गेलेला असतो. त्यात शिट्टी म्हणजे एकच सूर. एकूण डेसिबलमध्ये तिचा वाटा नगण्य असला तरी कान तिला नेमका शोधून काढतो. त्यामुळे "अमुक डेसिबल घटले" या जाहिरातीवर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

अवांतर: २०१६ च्या ऑडी एसक्यू७ डिझेलमध्ये ४८ व्होल्टवर चालणारा इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर आला. बेल्ट नाही, टायमिंग गिअर नाही, पाव सेकंदात पूर्ण वेग. टाटांच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरनेही २०१९ मध्ये सरळ सहा सिलिंडरच्या नव्या पेट्रोल इंजिनात टर्बोसोबत तसाच दिला. मनीषाताईंच्या दुकानावर गदा, पण गाडी शांत.

मनीषा_द

आमच्या दुकानावर गदा इलेक्ट्रिक गाड्यांनी कधीच आणलीय. मजा म्हणजे त्यांना गिअर अजून जास्त शांत हवे असतात, इंजिनचा पडदाच नाही ना. तुम्ही म्हणताय तेच.

नवखा_चालक

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे १.२ पेट्रोल हॅचबॅक आहे. बाहेरून आणलेला छोटा ब्लोअर बसवून मिळेल असं एक जण सांगतोय. आवाज होणार नाही म्हणतो. करू का?

कंपनवाला

नको. पहिलं कारण कायदा: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलात असे बदल करता येत नाहीत, आणि २०१९ च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयानेही ते ठणकावून सांगितलं. अपघात झाला तर विमा कंपनी आधी हेच बघेल. दुसरं, तुमच्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो ब्लोअरसाठी ठरवलेला नाही. इंधन आणि स्पार्कचा नकाशा नव्याने लिहिल्याशिवाय दाब चढवला की पिस्टनची वाट लागणार. निसानने २०११ साली युरोपातल्या मायक्रात १.२ तीन सिलिंडरला सुपरचार्जर दिला, ९८ पीएस काढले आणि तेही इंधन वाचवून, पण तिथे व्हॉल्व्हच्या वेळा, क्लच, सगळं इंजिनच त्यासाठी आखलेलं होतं.

आणि "आवाज होणार नाही" म्हणणाऱ्याला विचारा, मोजलाय कशाने?

ब्लोअर_काका

मंडळी, मी सांडपाणी प्रक्रियेच्या धंद्यात. तुमच्या गाड्यांतलं मला कळत नाही, पण रूट्स ब्लोअर मी रोज बघतो. प्रत्येक मोठ्या सोसायटीच्या एसटीपीत (सांडपाणी प्रकल्पात), टाकीत हवा सोडायला तोच असतो. एका सोसायटीत दोन लोबचा आहे, १४५० आरपीएम. पहिल्या मजल्यावरचे लोक रात्री झोपू देत नाही म्हणून भांडतात. दोन इंच फोमचं अकूस्टिक हूड बसवलं, पैसे गेले, घूं घूं तशीच. आता तीन लोबचा घ्या असा सल्ला मिळतोय. तुमचं ते बंद नळीचं तंत्र इथे चालेल का?

कंपनवाला

काका, हूड का हरलं ते आधी सांगतो. दोन लोब म्हणजे फेऱ्याला चार धक्के, १४५० आरपीएमला साधारण ९७ हर्ट्झ. हवेत त्या लहरीची लांबी साडेतीन मीटरच्या वर. दोन इंच फोमला ती जुमानत नाही. फोमने वरची खरखर कमी झाली असेल, घूं घूं नाही.

नळी चालेल. तुमचा वेग कायम असतो, ही गाडीवाल्यांना न मिळणारी चैन. डिस्चार्जची हवा ७०-७५ अंश धरली तर बंद नळीची लांबी साधारण ९६ सेंमी येते. ब्लोअरच्या तोंडापासून शक्य तितक्या जवळ, मुख्य पाइपच्या जवळपास त्याच व्यासाची, टोकाला जाड ब्लाइंड फ्लँज (बंद झाकण). इनटेककडे हवा थंड असते, तिथे लांबी थोडी कमी, ९० च्या आसपास. लांबी जुळवता यावी म्हणून आत सरकणारी तबकडी ठेवता आली तर उत्तम. पाइप भिंतीला थेट क्लँप केलाय का तेही बघा, कंपन तिथूनही वर चढतं.

तीन लोबचा घेतलात तर धक्के बोथट होतील, पण वारंवारता १४५ वर जाईल आणि नळी नव्याने कापावी लागेल.

ब्लोअर_काका

व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह) लावलाय हो. रात्री वेग कमी करतो.

कंपनवाला

मग रात्रीच्या वेगाची नळी कापा. दिवसा कोण झोपतंय. रात्रीचा आरपीएम सांगा, लांबी काढून देतो.